छपरासाठी मारलेले ठोसे

ताइस्तो हार्यू नऊ वर्षांचा असताना वडलांनी त्याच्या कानशिलावर सरपणाचा ओंडका हाणला. सौनाची, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीची, भट्टी त्यानं विझू दिली होती, एवढंच कारण. तेव्हापासून त्याला डाव्या कानानं नीट ऐकू आलं नाही. पुढे लोक त्याला डावीकडून हाका मारून दमायचे आणि म्हणायचे, हार्यूला फार गर्व आहे. गर्व कसला, त्याला पत्ताच नसायचा.

वडील एइनो अमेरिकेतल्या टॅमरॅक बे गावच्या तांब्याच्या खाणीत ड्रिल चालवायचे. शनिवारी दुपारी पगार झाला की खाणीच्या फाटकासमोरच्या गुत्त्यात फिनलंडवाले एका बाजूला आणि इटलीवाले दुसऱ्या बाजूला बसत. अंधार पडेपर्यंत कुणाचा तरी दात पडलेला असे. एइनो कधी जिंकून घरी यायचे, कधी हरून. हरून आले की आई लेम्पी पोराला मागच्या दारानं शेजारी पाठवून द्यायची. सोळाव्या वर्षी ताइस्तोनं शेजारी जायचं नाकारलं. वडलांचा वर आलेला हात त्यानं मनगटापाशी धरला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. एकच. एइनो स्वयंपाकघरात मटकन खाली बसले. हनुवटीवरून रक्त शर्टावर ओघळत होतं. बराच वेळ ते पोराच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हात चांगला आहे." त्यानंतर त्यांनी घरात कुणाला मारलं नाही.

दोन वर्षांनी खाण बंद पडली. गावात उरली लाकडाची गिरणी, सिमेंटचा डेपो आणि बर्फावरची हॉकी. पहिल्या दोन्ही गोष्टी लायल सँटोरीच्या मालकीच्या होत्या आणि तिसरीही लवकरच त्याची झाली. सँटोरीचे आजोबा इटलीतून याच खाणीत कामाला आले होते आणि याच खाणीत गाडले गेले होते. हॅमर्स हा गावचा धंदेवाईक संघ कुणीतरी परगावी विकायला काढला, तेव्हा सँटोरीनं तो स्वतःच घेऊन टाकला. धिप्पाड देह, हलका आवाज, डोक्यावर कायम एकच तपकिरी हॅट. गिरणीतल्या माणसाची बायको आजारी पडली तर डॉक्टर त्याच्या घरी सँटोरीच्या गाडीतून यायचा. गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधावा लागला असता.

ताइस्तो तेव्हा सिमेंटच्या पोत्यांना खांदा देत होता आणि रविवारी डेपोच्या संघातून खेळत होता. खेळाडू म्हणून तो यथातथाच. स्केटवर वळायचं म्हणजे त्याला बैलगाडी वळवल्यासारखी जागा लागायची. पण एका रविवारी समोरच्या संघातल्या एकानं काठी आडवी घालून डेपोच्या कप्तानाचा गुडघा मोडला आणि वर हसला. ताइस्तोनं हातमोजे बर्फावर टाकले. त्या माणसाची जर्सी डाव्या हातानं मानेपाशी मुठीत धरली आणि उजव्या हातानं तो मारत सुटला. पहिल्या ठोशाला नाक गेलं, तिसऱ्याला भुवई फाटली, आणि पाचव्याला त्या माणसाचे पाय शरीराखालून निघून गेले. कठड्याबाहेर सँटोरी उभा होता. तो खरं तर डेपोचा गोलरक्षक बघायला आला होता. गोलरक्षक राहिला बाजूलाच. दुसऱ्या दिवशी पोती उचलणाऱ्या ताइस्तोला साहेबांच्या कचेरीतून बोलावणं आलं.

अकरा हिवाळे तो हॅमर्सकडून खेळला. खेळला म्हणायचं इतकंच. त्या अकरा वर्षांत त्यानं एकूण नऊ गोल केले, त्यातला एक चुकून त्याच्या पाठीला लागून गेला होता. त्याचं काम वेगळं होतं आणि ते कुणी तोंडानं सांगत नसे. बाकावर बसलेला असताना प्रशिक्षक मागून त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचा. मग ताइस्तो उठायचा, बर्फावर उतरायचा आणि दुसऱ्या संघातल्या त्याच कामाच्या माणसाकडे सरळ जायचा. आपल्या चांगल्या खेळाडूंना कुणी हात लावू नये, लावला तर काय होतं ते सगळ्यांना दिसावं, यासाठी तो होता. तिकिटंही त्याच्यामुळेच खपायची. मधल्या सुट्टीत लोक खिमा भरलेली गरम पेस्टी खायला रांगेत उभे राहायचे, पण हार्यू उठला असं कळलं की पेस्टी तशीच हातात घेऊन पळत जागेवर यायचे.

त्याच्या उजव्या हाताची हाडं सात वेळा मोडली. एकदा एकानं त्याचा अंगठा चावून नख उपटलं. एकदा लढताना त्याचा कान वरून सुटून लोंबकळायला लागला. संघाच्या डॉक्टरानं भूल न देता तो तिथेच बाकावर शिवला, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ताइस्तो परत उतरून आणखी एकाचा जबडा ढिला करून आला. सामना संपला की मागच्या दाराशी बर्फानं भरलेली बादली तयार असायची. तीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून तो बसायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. डोकं ठणकायचं. कधी सगळ्या दिव्यांभोवती पिवळी कडी दिसायची. ते तो कुणाला सांगत नसे, कारण दिवे नीट दिसत नाहीत असं म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवत.

व्हर्ना त्याला बेकरीत भेटली. पुढचे चार दात गेल्यावर तो रोज मऊ पाव घ्यायला यायचा, आणि तिसऱ्या दिवशी तिनं न विचारता कडा कापून पाव दिला. लग्नानंतर त्याच्या शर्टाची बटणं तीच लावायची, कारण त्याच्या बोटांना ती धरता येत नसत. सामन्यांना ती एकदाच गेली. नंतर म्हणाली, मला रेडिओ पुरे.

त्या सगळ्या वर्षांत ज्याच्याशी तो सर्वांत जास्त लढला तो माणूस म्हणजे रोलां पिशेत. सरोवराच्या पलीकडच्या, कॅनडातल्या संघाचा. ताइस्तोपेक्षा दोन वर्षांनी मोठा आणि ठोसा मारताना जीभ दातांत धरणारा. चौदा वेळा ते एकमेकांना भिडले. त्या कामालाही रीत होती. पिशेत जवळ येऊन हळूच म्हणायचा, "चल?" ताइस्तो म्हणायचा, "चल." मगच मोजे पडायचे. खाली पडलेल्याला मारायचं नाही, पाठमोऱ्याला मारायचं नाही, आणि ज्याचा हात दुखावलाय त्यानं नुसती मान हलवली तरी पुढच्या वेळेवर ढकलायचं. उन्हाळ्यात दोघं मासे धरायला एकत्र जायचे. होडीत पिशेत अखंड बडबडायचा आणि ताइस्तो आपला चांगला कान त्याच्याकडे करून बसायचा. पिशेतची बायको सोलांज व्हर्नाला म्हणायची, या दोघांना लढू द्यायचं नसेल तर एकाच संघात घालावं लागेल, आणि मग दोघांपैकी एकाला काम उरणार नाही.

बत्तिसाव्या वर्षी ताइस्तोचा खांदा निखळला तो नीट बसलाच नाही. सँटोरीनं त्याला डेपोवर लोडर चालवायचं काम दिलं. त्यात काही उपकार केल्यासारखं दाखवलं नाही.

सँटोरीच्या डोक्यात तेव्हा वेगळंच चालू होतं. संघासाठी त्यानं नवीन व्यायामशाळा बांधली, कपडे बदलायच्या खोल्यांत गरम पाण्याचे टब बसवले, मालिश करायला माणूस ठेवला. मग तो खाणीच्या वस्तीकडे वळला. तिथल्या पोरांना खेळायला गोठलेल्या तळ्याशिवाय जागा नव्हती. दोन हिवाळ्यांत तिघं पोरं पातळ बर्फातून खाली गेली होती, त्यातलं एक परत आलं नाही. सँटोरीनं रेल्वेची जुनी शेड घेतली, आत बर्फाची रिंक तयार केली, दोनशे जोड स्केट आणून भिंतीला टांगले आणि सांगितलं, ज्याच्या पायात बसतील त्यानं घालावे. मुलींनीसुद्धा. मुलींनीसुद्धा म्हटल्यावर काही म्हाताऱ्यांनी भुवया उंचावल्या. सँटोरीनं लक्ष दिलं नाही. ताइस्तो सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन पोरांच्या नाड्या आवळून द्यायचा. बटणं जमत नसली तरी नाड्या त्याला जमायच्या, कारण त्या दातानं ओढता येत.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत ओला बर्फ तीन दिवस पडत राहिला आणि चौथ्या दिवशी सकाळी शेडचं छप्पर खाली आलं. पोरं शाळेत होती म्हणून वाचली. स्केटचे जोड तुळयांखाली चिरडून गेले.

सँटोरी ताइस्तोच्या घरी आला तो फेब्रुवारीत. स्वयंपाकघरात बसला, हॅट गुडघ्यावर ठेवली, व्हर्नाची कॉफी प्यायला. छप्पर मी एकटा उभारू शकतो, म्हणाला, पण मग ते सँटोरीचं छप्पर होईल. गावाचं व्हावं असं मला वाटतं. जुन्या खेळाडूंचा एक सामना ठेवू, रविवारी दुपारी, येणारं सगळं रिंकला. मग कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाला, पिशेतला बोलावू या का? दोन मिनिटं जरा जुन्यासारखं. लोकांना गंमत.

व्हर्ना सिंकपाशी उभी होती. ती वळून म्हणाली, "त्याचा हात बघितलाय तुम्ही? परवा त्याच्या हातून दुधाची बाटली निसटली."

"खरं मारायचं नाही गं व्हर्ना. नुसतं नाटक."

व्हर्नाला ताइस्तोचा चेहरा दिसला आणि पुढचं तिला कळलं. पोरांसाठी तो तयार झाला हे खरंच. पण सहा वर्षं लोडरच्या घरघरीत काढल्यावर तीन हजार माणसं आपलं नाव घेऊन एकदम उठतात तो आवाज एकदा परत ऐकावा, हेही तितकंच खरं होतं. ते त्यानं व्हर्नाजवळ फार पुढे कबूल केलं.

पिशेत फोनवर हसला. म्हणाला, "मी पडतो रे. गाव तुझं आहे. तीन ठोसे तू मार, तीन मी मारतो, मग मिठी, मग मी घसरतो."

मार्चमधल्या त्या रविवारी हॅमर्सच्या रिंकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी दोघांचे चेहरे छापलेली भली मोठी पोस्टरं लावली होती. पहिल्या सत्रात पोट सुटलेले जुने खेळाडू धापा टाकत इकडून तिकडे फिरले आणि लोक प्रेमानं हसले. दुसऱ्या सत्राच्या मध्यावर पिशेत ताइस्तोजवळ आला. "चल?" तो म्हणाला, आणि त्यानं डोळा मारला.

मोजे पडले. सगळी रिंक उभी राहिली. पिशेतनं पहिला ठोसा खांद्यावर मारला, ताइस्तोनं हात राखून बरगडीत मारला. दुसरा, तिसरा. पण ती माणसं अकरा वर्षं खरी मारामारी बघत आलेली होती. त्यांच्या लगेच लक्षात आलं. शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी वरून ओरडलं, "नाचताय काय रे, लग्न लावा यांचं." बियरचा कागदी पेला येऊन ताइस्तोच्या मानेवर फुटला. थंड बियर जर्सीतून पाठीत उतरली.

ताइस्तोचा चौथा ठोसा ठरलेला नव्हता. तो नंतर नेहमी म्हणायचा की हात निसटला. निसटला असेल, नसेलही. तो पिशेतच्या तोंडावर बसला आणि त्याचे बसवलेले दात मोडून ओठांतून बाहेर आले. पिशेतनं ते बर्फावर थुंकले. वर बघितलं तेव्हा त्याची जीभ दातांत नव्हती, धरायला दातच उरले नव्हते, पण डोळे मात्र जुने होते. त्यानं ताइस्तोच्या कानशिलावर असा ठोसा मारला की ताइस्तोला क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. आणि मग आवाज परत आला. सगळा एकदम आला, पूर्वीसारखा, पायाखालचा बर्फ हलवणारा.

त्यानंतर दोघं चाळीस सेकंद मारत होते. पिशेतनं त्याचं नाक मोडलं, डाव्या डोळ्यावरची कातडी उघडली. ताइस्तोनं त्याची जर्सी मागून डोक्यावरून ओढली, त्याचे हात त्यात अडकवले आणि खालून वर ठोसे चढवत राहिला. प्रत्येक ठोशाबरोबर रक्ताचे थेंब काचेवर उडत होते. पंचाच्या जागी गावातले दोन म्हातारे होते, हौसेनं आलेले. नाटक आहे असं त्यांना सांगितलेलं होतं, म्हणून ते हाताची घडी घालून हसत उभे राहिले. पिशेत गुडघ्यावर आला. मग कुशीवर. ताइस्तो त्याच्यावर वाकला आणि खाली पडलेल्या माणसाला त्यानं आणखी दोनदा मारलं. दुसऱ्या ठोशाला त्याच्या स्वतःच्या हाताचं हाड कातडीतून बाहेर आलं. त्या ठोशाचा आवाज वेगळा होता, ओला. तो एका म्हाताऱ्यानं ऐकला आणि धावत येऊन ताइस्तोच्या गळ्यात हात घालून त्याला मागे ओढलं.

लोक अजून टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत वस्तीतली पोरं बसवली होती. त्यांच्यासाठीच सामना होता, म्हणून सँटोरीनं त्यांना पुढे बसवलं होतं. ध्वनिक्षेपकावरून कुणीतरी उत्साहानं सांगितलं की छपराचे पैसे जमले. ते ऐकून आणखी टाळ्या पडल्या. मग स्ट्रेचर आलं आणि हळूहळू, एकेका रांगेतून, सगळं शांत होत गेलं. बर्फावरचं रक्त खरवडायला माणूस फावडं घेऊन आला तेव्हा त्या फावड्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

पिशेतच्या डाव्या डोळ्याची खोबण चुरगळली होती. डोळा काढावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलांज सरोवराला वळसा घालून पोचली. इस्पितळाच्या बोळात ताइस्तो प्लास्टर घालून बाकावर बसला होता. ती त्याच्यासमोर थांबली आणि त्याच्या मोडलेल्या नाकावर सरळ थप्पड मारली. मग दुसरी. त्यानं तोंड फिरवलं नाही. परिचारिका धावत आली तेव्हा सोलांज म्हणाली, "माझं झालं," आणि आत गेली.

थोड्या वेळानं सँटोरी आला. त्याच्याशेजारी बसला, उजवीकडे, कारण त्याला ताइस्तोचा कान ठाऊक होता. पिशेतचा सगळा खर्च मी करणार, म्हणाला, आणि पुढेही त्याला काही कमी पडू देणार नाही. ते त्यानं पुढे अक्षरशः पाळलंही. मग म्हणाला, "मी तुला मारायला सांगितलं नव्हतं, ताइस्तो."

"नाही," ताइस्तो म्हणाला. "तुम्ही अकरा वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं."

सँटोरीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तो हॅटची कड बोटांत फिरवत राहिला, आणि व्हर्नानं नंतर सांगितलं की बाहेर गाडीत बसल्यावर तो बाईसारखा हुंदके देत होता.

रिंकला नवं लोखंडी छप्पर आलं, पहिल्यापेक्षा उंच. उद्घाटनाला भिंतीवर ताइस्तोचं नाव लावायचं सँटोरीच्या मनात होतं. ताइस्तोनं निरोप पाठवला की नाव लावलं तर मी ते कुदळीनं काढीन. त्याऐवजी त्यानं तिथला बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायची नोकरी मागितली. बारा वर्षं त्यानं ती केली. वस्तीतल्या पोरांची एक आख्खी पिढी त्याच्या समोर उभी राहिली. चार जणी पुढे मोठ्या कॉलेजांतून खेळल्या. हे सगळं त्या रविवारच्या तिकिटांवर उभं आहे हे गावाला माहीत होतं, आणि गाव त्याबद्दल बोलत नसे.

पिशेतकडे तो पहिल्या उन्हाळ्यात गेला तर सोलांजनं दार लावून घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यातही. तिसऱ्या वेळी पिशेत स्वतः अंगणात आला. काचेचा डोळा एकीकडे, खरा दुसरीकडे. ताइस्तोनं माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा पिशेत म्हणाला, "खाली तू असतास तर मीही थांबलो नसतो. आवाज ऐकलास ना तू?" ताइस्तो म्हणाला, ऐकला. एवढंच बोलणं झालं. त्या उन्हाळ्यात होडी परत पाण्यात उतरली.

सत्तेचाळिसाव्या वर्षापासून ताइस्तोला गोष्टी आठवेनाशा झाल्या. आधी किल्ल्या, मग रस्ते. यंत्र घेऊन तो बर्फावर गोल गोल फिरत राहायचा, थांबायचं कधी ते त्याला कळत नसे. त्याहून वाईट म्हणजे राग. इतकी वर्षं घरात कधी आवाज न चढवलेल्या माणसानं एक दिवस मिठाची बरणी सापडली नाही म्हणून कपाटाचं दार बिजागरीतून उपटलं. एकदा टीव्हीच्या काचेतून हात आरपार घातला. आणि एका दुपारी त्यानं व्हर्नाला गळ्याला धरून भिंतीला टेकवलं. ती त्याच्या डोळ्यांत बघत होती आणि तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. तिनं हळू आवाजात त्याचं नाव घेतलं, उजव्या कानापाशी, पुन्हा पुन्हा. पकड सुटली तेव्हा तो खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. व्हर्नानं गळ्याला रुमाल बांधला, त्याला शेजारणीकडे बसवलं आणि ती तडक सँटोरीच्या कचेरीत गेली.

सँटोरी बहात्तर वर्षांचा झाला होता. टेबलावर संघाच्या नव्या उपचारकेंद्राचे नकाशे पसरलेले होते. व्हर्नानं रुमाल सोडून त्याला गळा दाखवला. सँटोरी खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा," ती म्हणाली. "आज खेळणाऱ्या पोरांसाठी तुम्ही टब बांधले, मालिशवाला ठेवला, आता हे बांधताय. चांगलं आहे. पण ज्यांच्या डोक्यांवर हे सगळं उभं राहिलं, त्यांच्या डोक्यांचं काय?"

"किती जण आहेत असे?"

"मला बारा माहीत आहेत. दोन गेले. त्यातल्या एकानं गॅरेजमध्ये स्वतःला संपवलं, आणि तुम्ही त्याच्या बायकोला फुलं पाठवलीत."

सँटोरीनं नकाशे गुंडाळले. त्याला हे आधी सुचलं नव्हतं का, असं व्हर्नाला लोक पुढे विचारत. ती म्हणायची, त्याला बांधायचं सुचायचं. मोडलेलं बघायचं सुचवावं लागायचं.

चार महिन्यांत वस्तीच्या रिंकवरच्या मजल्यावर एक दवाखाना सुरू झाला. मेंदूच्या आजारांचा डॉक्टर दर मंगळवारी तीन तास गाडी चालवत यायचा. जुना खेळाडू कुठल्याही संघाचा असो, त्यानं यावं, सीमेच्या पलीकडचाही चालेल, असं सँटोरीनं सांगून ठेवलं होतं. पहिल्या मंगळवारी चौघं आले, बायकांनी ओढून आणलेले. वर्षाच्या शेवटी एकोणीस जण होते. बरं कुणी होत नव्हतं. पण गोळ्यांनी ताइस्तोचा राग बसला, आणि आपल्या नवऱ्याला हे काय झालंय याला नाव आहे, एवढं कळल्यावर बऱ्याच बायकांना झोप लागायला लागली.

पिशेतही यायचा. त्याला दिव्यांभोवतीची कडी आता दिवसभर दिसायची. बाहेरच्या बाकावर तो आणि ताइस्तो शेजारी शेजारी बसत. खाली रिंकमध्ये पोरींचा सराव चाललेला असे आणि काचेतून तो दिसे. एका मंगळवारी ताइस्तो बराच वेळ पिशेतच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं विचारलं, "तुझ्या डोळ्याला काय झालं रे?"

व्हर्ना कोट काढत होती, तिचा हात बाहीतच राहिला.

"खेळताना लागलं," पिशेत म्हणाला.

"कुणी मारलं?"

"होता एक."

ताइस्तोनं आपल्या गाठाळलेल्या बोटांची मूठ वळायचा प्रयत्न केला. ती पुरी वळली नाही. "नाव सांग त्याचं," तो म्हणाला. "मी बघतो त्याच्याकडे."

"जाऊ दे," पिशेत म्हणाला. "म्हातारा झालाय तो आता. चांगला माणूस आहे."

ताइस्तोला ते पटलं नाही. तो पुटपुटत राहिला की खाली पडलेल्याला मारणाऱ्याला सोडायचं नसतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की पिशेत खाली पडलेला होता. पिशेतनं आपला चांगला डोळा काचेकडे वळवला. खाली एका पोरीनं चकती जाळ्यात मारली होती आणि बाकीच्या तिच्या अंगावर पडत होत्या. डॉक्टरानं आतून ताइस्तोचं नाव पुकारलं, डावीकडून, आणि त्याला ते ऐकू आलं नाही. पिशेतनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि दारापर्यंत नेलं.